फ्लेक्सवरचं बोट

तुम्ही खोटं बोललात. आत्ताच, माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभे राहून, माइकला ओठ लावून. म्हणालात, या यशात आपल्या कंपनीतल्या प्रत्येक हाताचा वाटा आहे, एकही हात सुटलेला नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण स्टेजवर बसवलेल्या माणसाने टाळ्या वाजवल्या नाहीत तर ते दिसतं. पण एक हात सुटलाय, साहेब, आणि तो तुमच्या डोक्याच्या बरोबर मागे आहे, पडद्यावर, तुमच्याहून मोठा. तुमची पाठ तिकडे आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही, असं मी म्हणणार नाही. फोटो तुम्हीच पसंत केलाय.

मला शेवटून दुसरी खुर्ची दिलीय. कामगारांच्या वतीने नरहरी, टर्नर, दोन शब्द बोलतील असं ठरलंय. एचआरच्या जुईली मॅडमनी काल कँटीनमध्ये समोर बसवून ते शब्द पाठ करून घेतले. देशासाठी काम करायची संधी दिल्याबद्दल व्यवस्थापनाचे आभार, आणि हे यश आपल्या सर्वांचं आहे. संपलं. "सर्वांचं म्हणताना हात जरा असा फिरवा ना काका, व्हिडिओत छान दिसतं," म्हणाल्या. मी हात फिरवून दाखवला. लेथवर माल तपासताना फिरवतो तसा फिरला. "सॉफ्ट, काका, सॉफ्ट," म्हणाल्या. मुलगी वाईट नाही. माझ्या लेकीहून, सृष्टीहून, पाचसहा वर्षांनीच मोठी असेल.

सकाळी पिरंगुटहून कंपनीच्या बसने निघालो. नवे शर्ट, छातीवर तिरंग्याची पिन, सगळ्यांच्या अंगाला एकाच बाटलीतल्या अत्तराचा वास. भूगावात बस रोजच्यासारखी अडकली, मग सुटली, मग बावधनच्या अलीकडे पुन्हा अडकली. मी खिडकीला डोकं टेकून पाठ केलेली दोन वाक्यं मनात फिरवत होतो आणि समोर, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या अंगावर, तो फ्लेक्स होता. राखाडी चकचकीत गोलाई. माझी गोलाई. आतली बाजू मी कापलेली. तिच्यावर कुंकवाचा ओला टिळा, बाजूला झेंडूची पाकळी, आणि टिळ्यापासून नुकतंच उचललेलं एक बोट, एका मजल्याएवढं. मनगटाशी फोटो कापलेला. खाली लिहिलेलं, 'परंपरेचा स्पर्श, विज्ञानाची झेप'. बोटावर पेराच्या जरा वर आडवा वण होता, शेजारच्या अर्ध्या मिटलेल्या बोटावरही तोच वण पुढे गेला होता. विळा डाव्या हातात आणि भाताची मूठ उजव्यात धरून कापलं की वण असा जातो. तो वण मी रोज बघतो. मी त्या बाईच्या घरात भाड्याने राहतो.

शेजारी शैलेश साहेब होते, क्वालिटीचे. मी म्हटलं, "साहेब, बघितलं का?"

"काय?"

"बोट."

त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. "आयला," म्हणाले. मग म्हणाले, "हे बघ नरहरी, आजचा दिवस चांगला आहे. उगीच डोक्यात काही घेऊ नकोस."

"तुम्ही तेव्हा त्याला काय म्हटलं होतं?"

"कंटॅमिनेशन. दुसरं काय म्हणणार? तेच होतं ते."

"आणि आता?"

"आता मी कुठे काय म्हणतोय?" ते म्हणाले. बस सुटली.

गेल्याच्या गेल्या वर्षीची खंडेनवमी तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही येऊन, नारळाला हात लावून, लगेच पुण्याला गेला होतात. त्या वर्षी शॉपमध्ये ते काम चाललं होतं. टायटॅनियमचे अर्धगोल, दोन जोडले की यानातली टाकी होते. आम्ही त्याला डोम म्हणायचो, रंभाबाई पातेलं म्हणायची. धातू कुठे वितळला, कुणी ठोकून त्याला वाटीचा आकार दिला, पुढे कुणी जोडला, मला माहीत नाही. आमच्याकडे तो जाड, काळपट यायचा आणि पातळ होऊन जायचा. आतून मी कापायचो, बाहेरून दुसऱ्या पाळीतला कोंडिबा. आम्ही दोघं एकाच डोमवर महिना-महिना काम करायचो आणि एकमेकांना फक्त गेटवर भेटायचो. शेवटचे कट घेताना भिंत इतकी पातळ झालेली असायची की धातू बारीक आवाज काढायचा, कुत्र्याचं पिल्लू झोपेत काढतं तसा, आणि आवाज बदलला की माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. कापताना धातूवर सोडायच्या कूलंटचा वास कातडीत शिरला होता. बायको सुलक्षणा म्हणायची, तुम्ही घरी येता की मशीन येतं तेच कळत नाही. मी भूम तालुक्यातला, नववी नापास. जे शिकलो ते बिघडवून शिकलो. देश वगैरे डोक्यात नसायचं. डोक्यात एकच, हा चिरला तर तो खराब मालाच्या मांडणीवर जाईल, अंगावर लाल फुली घेऊन.

आमच्याकडे लाल म्हणजे बाद. चुकून बाद माल पुढे जाऊ नये म्हणून त्याच्यावर लाल रंगाची फुली मारतात. एक डोम असा बाद झाला होता, कोंडिबाच्या पाळीत, कुणाचीच चूक नव्हती, धातूतच खोट निघाली. त्या खंडेनवमीला स्टोअरच्या बंडोपंतांनी तोच पूजेला मांडला. चांगल्या मालाला हात लावायचा नाही हा नियम आणि पूजा तर झाली पाहिजे, तर हा बरा, म्हणाले. फुली दिसू नये म्हणून भिंतीकडे फिरवून ठेवला, वर झेंडूची माळ. आमची सगळी पाळी रांगेत. तेव्हा रंभाबाई पुढे आली.

रंभाबाई कोण ते सांगतो, कारण तुम्ही तिला बघितलेलं नाही. रिहे गावची. घरचं भाताचं खाचर होतं, ओढ्याला लागून. ते नवऱ्याने, बहिरूदादांनी, विकलं. आता तिथे कुणाचं तरी फार्महाऊस आहे आणि जिथे ती चिखलात वाकून रोपं लावायची बरोबर तिथे पोहण्याचा हौद आहे. उरलेल्या जागेवर बहिरूदादांनी खोल्या काढल्या, वरच्या खोलीत आम्ही. पैशाला तिला काही कमी नव्हतं. ती कंपनीत आली ती घरात बसवेना म्हणून. धुतलेला माल बांधायच्या आधी पुसायचं काम. स्वच्छ खोली, पांढरा कोट, टोपी, हातमोजे, कापसाचा धागा न सोडणारं फडकं. तिला त्या खोलीचं भारी कौतुक. तिथे तिला कुणी सून म्हणत नव्हतं, मालकीण म्हणत नव्हतं. बाकी बाई तोंडाने फाटकी. मिश्री लावून आत आली म्हणून शैलेश साहेबांनी एकदा परत पाठवलं तर बाहेर उभी राहून ओरडली, "माजं त्वांड ह्या पातेल्यात घालायचं हाय व्हय रं?" त्या दिवसापासून शैलेश साहेब तिला वळसा घालून जायचे. कामात ती काही खास नव्हती. पुसायचं म्हणजे पुसायचं. दोनदा तिने बोलणी खाल्ली होती, फडकं दुमडून पुन्हा वापरलं म्हणून.

तर त्या दिवशी ती पुढे आली, माळ जरा उचलली आणि डोमच्या मागे डोकावली. "बंडोपंत, ह्याच्या पाठीला लाल फुली हाय."

"हो, रिजेक्टचा आहे तो. चालतं."

"चालतंय? नासका नारळ देवाला चालतुया? आन त्वांड भितीकडं फिरवून? देवाला काय येडं समजता?"

हशा पिकला. बंडोपंत म्हणाले, "बाई, हे प्रतीक असतं."

"आमी भाताची पयली पेंडी ठेवतो म्होरं. पळंज न्हाई ठेवत." पळंज म्हणजे पोकळ दाणे, भरलेच नाहीत ते. "जे जानार हाय त्याला लावायचं. हे कुटं जानार हाय? भंगारात."

आणि हळदकुंकवाची ताटली उचलून ती स्वच्छ खोलीत गेली. आम्हाला वाटलं चेष्टा करतेय. आत स्टँडवर तयार डोम होता, पुसून झालेला, बांधायच्या बेतात. सवयीने चढवलेला हातमोजा तिने काढला. काच होती मध्ये, सगळं दिसत होतं. डोमवर झेंडूची पाकळी ठेवली, अनामिकेने कुंकू घेतलं, लावलं, हात जोडले. जुईली मॅडम कॅमेरा घेऊन तिच्या मागोमाग दारात पोचल्या होत्या, त्यांनी फोटो काढला. त्या तेव्हा नव्या होत्या, त्यांना कुठला डोम कुठला ते कळत नव्हतं. मग शैलेश साहेबांची किंकाळी आली. "लाल लावला! चांगल्याला लाल लावला!" मला अजूनही ते कानात आहे. बाकी काहीच ते बोलू शकले नाहीत.

उघड्या बोटाचा घाम टायटॅनियमवर राहिला आणि नंतर तो तापला तर चीर जाऊ शकते. हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. महिनोन्महिन्यांचं काम, माझं, कोंडिबाचं, आणि ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांचं. माझाही संताप झाला होता. मी काचेच्या अलीकडून तिला शिवी दिली, तिने ऐकली असेल. डोम ॲसिडात धुतला, तपासला, पुन्हा धुतला, वरच्या लोकांनी येऊन पुन्हा तपासला आणि शेवटी पास केला. रंभाबाईला पास केलं नाही. तिला विचारलं, हातमोजा का काढलास? ती म्हणाली, "मोजं घालून कुक्कू लावाया त्ये काय करोनातलं मढं हाय?" माफी माग म्हणाले. "पूजा केली, चोरी न्हाई केली." दुसऱ्या दिवसापासून गेटवर तिला आत सोडायचं नाही असा हुकूम आला. हुकूम तुमचा होता. त्या बाबतीत तरी तुम्ही खोटं बोलला नाहीत.

मग ती रोज संध्याकाळी जिन्याच्या तळाशी बसायला लागली. मी वर जाताना विचारायची, "गेलं का रं पातेलं?" नाही मावशी. "गेलं का?" गेलं, पण इथून गेलं, अजून वर नाही गेलं. "मला कवा घेत्यात?" बघू मावशी. बहिरूदादा आतून ओरडायचे, "तुला कशाला पायजे ती हमाली? बस की गप घरी!" त्यावर ती तिथेच पाय पसरून बसायची.

उड्डाणाच्या दिवशी कँटीनमध्ये मोठा टीव्ही लावला होता. तुम्ही पुढच्या रांगेत. मी मागे भिंतीला टेकून. पडद्यावर यानाचं चित्र फिरत होतं, सोनेरी कागदात गुंडाळलेलं, आणि मी त्यात माझा डोम शोधत होतो. सापडला नाही. तो आत कुठेतरी असतो, दिसत नाही. आकडे उलटे येत होते, सगळे मोठ्याने म्हणत होते, मी म्हणत नव्हतो. माझ्या डोक्यात बोट होतं. मला वाटत होतं, हे आत्ता फुटलं तर? हजारो माणसं, कितीतरी कारखाने, किती वेल्ड, किती वायरी. फुटायला कारणं लाख. पण आमच्या शॉपमधून एकच बोट बाहेर निघेल. रिह्याच्या एका बाईचं. कुणीतरी चौकशीत ते बोट वर धरेल, टीव्हीवर येईल, लोक हसतील, कुंकवाने रॉकेट पाडलं म्हणतील, आणि बहिरूदादांच्या जिन्याखाली कॅमेरेवाले येतील. तळव्यांना घाम फुटला होता. मी ते पँटला पुसले. मग ते वर गेलं. नीट गेलं. सगळे उठले, कोंडिबाने मला मिठी मारली, आम्ही पहिल्यांदा एकाच वेळी एकाच ठिकाणी उजेडात होतो, तो रडत होता. मीही रडलो. अभिमान वाटला. वाटला, खोटं का बोलू? छाती भरून आली, आपण काहीतरी आहोत असं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं, सुटली बाई. आणि मग घरी जाताना, रिह्याच्या वळणावर, कळलं की सुटली नाही. पडलं असतं तर ते तिच्या एकटीच्या हाताने पडलं असतं. गेलं, तर ते सगळ्यांच्या हातांनी गेलं आणि त्या सगळ्यांत ती नाही. हा हिशेब कुणी केला? मी तरी केला नाही.

घरी पोचलो तर ती जिन्याच्या तळाशी बहिरूदादांचा फोन घेऊन बसली होती. "गेलं की रं माजं पातेलं."

"गेलं मावशी."

"माजं कुक्कू बी गेलं."

"ते धुतलं होतं."

"धुतलं म्हंजे सगळं जातंय व्हय?" ती म्हणाली. "खाचरात पोवाया लागलीत मानसं. म्हनून काय तितला चिकूल गेला?"

ॲसिडाचं, तपासणीचं, सगळं मला ठाऊक होतं. तरी रात्रभर मला वाटत राहिलं की वर, काळोखात, सोनेरी कागदाच्या आत, एक लाल ठिपका आहे.

आज सकाळी मी नवा शर्ट घालून खाली उतरलो तेव्हा ती अंगण झाडत होती. तिला फ्लेक्सचं माहीत नव्हतं, मलाही तेव्हा नव्हतं. एवढंच माहीत होतं की नरहरी स्टेजवर बोलणार आणि ते फोनवर दिसणार. झाडणं थांबवून म्हणाली, "बोलनार हायेस म्हनं."

"दोनच वाक्यं आहेत मावशी. दिलेली."

"त्यात तिसरं बसत न्हाई?"

मी चपला घालत राहिलो.

"पैसं मागाया लावत न्हाई तुला. मला त्या खोलीत परत जायाचंय, बास. आन जमत न्हाई म्हनत असतील तर तसं मला त्वांडावर सांगावं. गेटवरच्या पोराकडून न्हाई. माजं नाव घे तितं." मग खराटा उचलला. "नगं वाटलं तर नगं घेऊ. पन मंग सांजच्याला जिना चढताना माज्याकडं बघू नगस."

बहिरूदादा दारातून म्हणाले, "अगं त्याचं कंत्राट दरसाल नवं व्हतंय, कशाला त्याला खड्ड्यात घालतीयास?"

"तुमी जमीन घातली तवा मी बोलली व्हय?" ती म्हणाली आणि झाडायला लागली.

तर आता तुमचं भाषण संपलंय. शाल झाली, श्रीफळ झालं. पुढच्या रांगेत शैलेश साहेब आहेत, ते माझ्याकडे बघून मान बारीक हलवतायत, नको, नको. खाली कोंडिबा आहे. कोपऱ्यात फोन तीन पायांवर उभा केलाय, त्यातून रिह्याला दिसतंय. माझं नाव पुकारलं. मी उठलो. माइक धरला तेव्हा तो गरम होता, तुमच्या हाताने. मी म्हटलं, देशासाठी काम करायची संधी दिल्याबद्दल व्यवस्थापनाचे आभार. टाळ्या. मी म्हटलं, हे यश आपल्या सर्वांचं आहे. हात फिरवला, सॉफ्ट. फिरवता फिरवता तो मागे गेला आणि पडद्याकडे थांबला, त्या टिळ्याकडे, आणि मी म्हटलं, "हे बोट रिह्याच्या रंभाबाईंचं आहे. ह्याच टिळ्यासाठी त्यांना कंपनीतून काढलंय. साहेब, आपण आत्ता म्हणालात एकही हात सुटलेला नाही. मग हा?"

काही जणांना वाटलं भाषणातलंच आहे. टाळ्या वाजवल्या, मग एकेक करून थांबल्या. जुईली मॅडम मान वर करून पडद्याकडे बघतायत, आपणच काढलेला फोटो पहिल्यांदा बघावा तशा. माइक हलकं गुणगुणतोय, शेवटच्या कटला धातू गुणगुणतो तसा. मानेवरचे केस उभे आहेत. तुम्ही शेजारच्याच्या कानाला लागलात. त्याला कशाला विचारता? त्याला माहीत नाही. मागे वळा, बघा, मोठं आहे, चष्मा लागणार नाही. हे बोट तुमचं असेल तर तिला खोलीत घ्या. नसेल तर ते आत्ताच्या आत्ता पडद्यावरून, बावधनच्या फ्लेक्सवरून, सगळीकडून उतरवा, आणि उतरवताना का उतरवलं ते तिला तोंडावर सांगा. ती ऐकतेय. जिन्याच्या तळाशी बसलीय, फोन मांडीवर धरून. मला आज तो जिना चढायचाय. माइक मी अजून सोडलेला नाही.

बोला साहेब. हा हात तुमच्या सगळ्यांत आहे की नाही?